जे पाडे स्क्रीनवर हिरवे दिसतात

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट छापून येते. सात तलावांची नावे आणि समोर त्या दिवशीची पातळी. तानसाच्या समोर १२८.६३ मीटर आले की तलाव काठोकाठ भरला. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याचा हिशेब शहराला तोंडपाठ असतो. त्या तलावाभोवतीच्या जंगलापासून पार माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जे पाडे विखुरले आहेत, तिथे मी आरोग्य खात्यात काम केले. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते, पुढे काही काळ त्यांपैकी एका तालुक्याचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडे आला. त्या काळात रुग्णांपेक्षा आकड्यांच्या संगतीत माझा जास्त वेळ गेला. त्या आकड्यांवरून कुठल्या गावाला काय मिळणार हे ठरवणाऱ्यांत मीही होते. त्याबद्दल लिहायचे आहे.

आता माणसांची मोजदादही काही कमी होत नाही. २००८ पासून एचएमआयएस ही आरोग्यसेवांच्या आकड्यांची प्रणाली आहे, गरोदर माता आणि बालकांसाठी आरसीएच पोर्टल आहे, क्षयरोगासाठी निक्षय आहे, रक्तदाब-मधुमेहाचे वेगळे ॲप आहे. अंगणवाडीत मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला, त्याच वर्षी आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढायला सुरुवात झाली. एकाच गरोदर बाईची माहिती आशाताईच्या डायरीत, सिस्टरच्या रजिस्टरमध्ये, दोन-तीन पोर्टलवर आणि अंगणवाडीच्या मोबाइलवर अशी वेगवेगळी भरली जाते. डोळखांबच्या पलीकडे रेंज जाते, म्हणून आशाताई दिवसभराचे कागदावर लिहून ठेवतात आणि रेंज असलेल्या टेकाडावर जाऊन संध्याकाळी चढवतात. हे सगळे वर जाते, त्याचे तक्ते होतात, नकाशे होतात आणि खाली येताना त्याचे निर्णय झालेले असतात: दुसरी सिस्टर कुठल्या उपकेंद्राला, १०२ ची गाडी कुठे उभी राहील, बांधकामाचा निधी कुणाला, नोटीस कुणाला.

पहिली अडचण सरासरीची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि उरलेल्या ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका राहिल्या. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर. त्यांच्या जोडीला शहापूर, जो पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि मुरबाड, ज्याची काही गावे त्यात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंतच मिळतात. घोडबंदरच्या सोसायटीतले मूल आणि वाशाळ्याकडच्या कातकरी वस्तीतले मूल एकाच टक्केवारीत मिसळले की ती टक्केवारी दोघांपैकी कुणाचीच राहत नाही. तरीही जिल्ह्याचे नियोजन करताना पहिली स्लाइड तिचीच असते.

दुसरी अडचण भागाकाराची. उपकेंद्राचा निकष सपाट भागात पाच हजार लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजारांना एक असा आहे. पण लोकसंख्या कुठली? २०११ नंतर जनगणनाच झाली नाही. तेव्हाच्या आकड्यात अंदाजे वाढ धरून अपेक्षित गरोदर माता, अपेक्षित जन्म काढले जातात आणि त्या अपेक्षेवर उपकेंद्रांची टक्केवारी ठरते. वासिंद, आसनगाव या रेल्वेच्या पट्ट्यात इमारती उठल्या, तिथे काम शंभर टक्क्यांच्या वर जाते. डोंगराकडच्या पाड्यांत लोक वर्षातले अर्धे महिने घरीच नसतात, तिथे काम कमी दिसते. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर पुढचे कळणार नाही.

एकदा मासिक सभेत प्रस्ताव आला. तालुक्याच्या सगळ्या उपकेंद्रांची कामाच्या भारानुसार क्रमवारी लावलेली होती. लाल, पिवळा, हिरवा. महामार्गाजवळचे एक उपकेंद्र लालभडक, कारण तिथल्या एकट्या सिस्टरकडे गर्दी मावत नव्हती. जंगलातले एक उपकेंद्र हिरवेगार. ओपीडी कमी, नोंदलेल्या गरोदर माता कमी, जेवढी बाळंतपणे नोंदली तेवढी सगळी संस्थेत झालेली, जोखमीची माता शून्य, बालमृत्यू शून्य. तिथली दुसरी सिस्टर आणि तिथे उभी राहणारी गाडी महामार्गाकडे द्यावी, असा तो प्रस्ताव. मांडणारे अधिकारी कामसू होते, त्यांनी आकडे रात्र जागून जुळवले होते आणि महामार्गावरच्या सिस्टरचे हाल खरेच होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागच्या रांगेतून आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई उठल्या. सभेत त्या फारशा बोलत नसत. म्हणाल्या, "मॅडम, तिथं जोखमीची माता शून्य आहे, कारण तिथली बाईच आपल्यापर्यंत आलेली नाय. रक्त कोणी तपासलं नाय तर जोखीम लिहिणार कोण?"

मी प्रस्ताव थांबवला आणि आधी तिथे जाऊन बघू म्हटले. मे महिना संपत आला होता, वीटभट्ट्यांवरून लोक परतायला लागले होते. ही वेळ मुद्दाम धरली. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आम्ही चार वह्या एकमेकींशेजारी ठेवल्या: सिस्टरचे रजिस्टर, अंगणवाडीचे हजेरीपुस्तक, आशाताईची डायरी आणि शाळेचा पट. मग घरोघर गेलो. कुठल्याच यादीत नसलेल्या बाळंतिणी भेटल्या. भट्टीवर, ताडपत्रीच्या झोपडीत बाळंत झालेल्या. एकीला आठव्या महिन्यात पायांवर सूज होती, डोके दुखायचे, हे ती आता सांगत होती, मूल मांडीवर घेऊन. एकीचे मूल भट्टीवरच गेले होते. ते जन्मले होते असे कुठल्याच कागदावर नव्हते, त्यामुळे ते गेले असेही नव्हते.

इथल्या रजिस्टरमध्ये या बायकांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहून ओळ बंद झाली होती. भट्टी ज्या उपकेंद्राच्या हद्दीत होती तिथे त्या बाहेरच्या होत्या. म्हणजे शंभर टक्के संस्थात्मक बाळंतपण हा आकडा कुणी खोटा लिहिला नव्हता. जी घरी किंवा भट्टीवर बाळंत झाली ती अंशातूनही गळाली आणि छेदातूनही गळाली. उरलेल्यांचे गणित अचूक होते. आजवर मी पाहिलेल्या आकड्यांपैकी हा आकडा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्याला तपासणीत कुणी पकडू शकत नाही. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची सोय आहे, राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांसाठी महा-एमटीएस ही वेगळी प्रणालीही आणली. पण ती चालायला इथून निघताना नोंद व्हावी लागते आणि तिथे पोचल्यावर कुणीतरी भट्टीवर जाऊन हाक मारावी लागते.

पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला तेव्हा ही सभा आठवली. अमेरिकेत कोट्यवधी रुग्णांसाठी एक संगणकीय पद्धत वापरात होती. कुणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ती ठरवायची. ठरवायची कशावरून, तर त्या रुग्णावर पुढे किती खर्च होईल यावरून. कृष्णवर्णीय रुग्णांवर तिथे एरवीच कमी खर्च होतो, म्हणून तितकेच आजारी असूनही त्यांची गरज कमी दिसायची. त्या पद्धतीत कुणाचा रंग लिहिलेला नव्हता. आजाराच्या ऐवजी खर्च मोजला, एवढेच झाले. आमच्या तक्त्यात गरजेच्या ऐवजी ये-जा मोजली होती. उपकेंद्रापर्यंत येणाऱ्यांची गर्दी म्हणजे आजार, न येणारे म्हणजे निरोगी. मोठमोठ्या डेटाची भाषा करणाऱ्या कुणाही अधिकाऱ्याला माझे पहिले सांगणे हेच असते की तुमच्या तक्त्यात जी माणसे आली ती कशी आली, हे आधी विचारा. पायी आली, गाडीने आली, की आलीच नाहीत.

सिस्टर हलली नाही, गाडीही हलली नाही. महामार्गावरच्या सिस्टरला त्याची किंमत मोजावी लागली. पुढचे कित्येक महिने ती एकटीच गर्दी उपसत होती, आणि प्रत्येक सभेत माझ्याकडे बघत तिचे आकडे वाचत होती. तिचे म्हणणे रास्तच होते. दोन गरजूंत एकाला देताना दुसऱ्याचे काढून घ्यावे लागते, तिथे आकडा मदत करतो, पण निर्णयाचा भार तो उचलत नाही. तो भार सही करणाऱ्यानेच उचलायचा असतो.

भीतीपोटी बिघडणारे आकडे ही वेगळी गोष्ट. बाळाचे जन्मवजन अडीच किलोच्या खाली गेले की ते कमी वजनाचे ठरते, त्याच्या भेटी वाढतात, अहवालात प्रश्न येतो. कुठल्याही केंद्राचे रजिस्टर चाळा, नेमक्या अडीच किलोला बाळांची रांग लागलेली दिसेल. निसर्गात अशी रांग लागत नाही. याला मी सिस्टरचा अप्रामाणिकपणा म्हणणार नाही. वाईट आकडा आणणाऱ्यालाच सभेत उभे केले जाते, तेव्हा वाईट आकडा यायचा थांबतो. हे आजचे नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली; ते ज्या जव्हार तालुक्यात आहे, तो तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. त्यांनी गावोगावी प्रत्यक्ष मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी कागदावरचे बालमृत्यू यांत केवढी तरी तफावत निघाली. तेव्हा कागद होता, आता स्क्रीन आहे. मृत्यू सांगणाऱ्या आशाताईला आपण कसे वागवतो, हे बदलले नाही तर स्क्रीनवरही तेच येईल. माझ्याकडे कार्यभार असताना मी बालमृत्यूचा आढावा भर सभेत घेणे बंद केले. सिस्टर, आशाताई आणि मी, बंद खोलीत, आणि पहिला प्रश्न कुणाचे चुकले हा नसायचा, त्या घरापासून दवाखान्यापर्यंत त्या रात्री काय काय घडले हा असायचा. काही महिन्यांतच नोंदलेले मृत्यू वाढले. वरून विचारणा झाली. वाढलेला आकडा ही चांगली बातमी आहे हे पटवायला मला बराच कागद लिहावा लागला.

पण सगळ्यांत अवघड रकाना वयाचा. पाड्यावर सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहते. लग्न झालेले असते किंवा नुसतेच एकत्र राहत असतात, लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठराच्या आतल्या मुलीची अशी माहिती ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवणे हा गुन्हा आहे. कायद्यामागचा हेतू मुलीच्या रक्षणाचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण पाड्यावर एकदा पोलिसांची जीप आली, नवरा म्हणवणारा पोरगा उचलून नेला, की पुढच्या सगळ्या मुली रजिस्टरमध्ये एकोणीस वर्षांच्या होतात. आधार कार्डावरची जन्मतारीख कित्येकदा एक जानेवारी असतेच, कारण खरी कुणालाच ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे मुलगी यायचीच बंद होते.

इथे माहिती नुसती चुकीची होत नाही, तिच्यामुळे मुलीच्या जिवाला धोका होतो. वय एकोणीस लिहिले की तिच्या खऱ्या वयाची जोखीम पोर्टलवर उतरत नाही. कोवळ्या वयातले गरोदरपण, रक्त कमी, रक्तदाब चढण्याची शक्यता, आणि यंत्रणेच्या लेखी सगळे ठीक. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या एका प्रकरणात सांगितले की अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. तो निकाल गर्भपातापुरता होता. जिला मूल हवे आहे तिच्याबाबत आमच्यासारख्यांच्या हाती अशी मोकळीक नाही. मी केले ते एवढेच की कळवायचे ते कायद्याप्रमाणे कळवले, पण उपचाराची कसोटी वयाच्या रकान्यावर ठेवली नाही. मुलगी कोवळी दिसते, उंची कमी आहे, पहिलटकरीण आहे, तर कागदावर वय काहीही असो, तिला जोखमीची समजून भेटी द्यायच्या. आणि कुठल्या पाड्यात किती लहान वयाच्या माता, अशी जाहीर तुलना कुठल्याही सभेत दाखवायला मी नकार दिला. ती तुलना दाखवून बालविवाह थांबत नाहीत. बालविवाह थांबवायला आश्रमशाळेतून गळालेल्या मुली कुठे गेल्या ते शोधावे लागते, आणि तो डेटा दुसऱ्या खात्याकडे असतो.

गोपनीयतेबद्दल बोलताना शहरातले लोक नाव आणि मोबाइल क्रमांक काढून टाकला की काम झाले असे समजतात. पाड्यावर तीस-चाळीस घरे असतात. 'कातकरी, वय १९, दुसऱ्यांदा गरोदर, एचआयव्हीसाठी पाठवली' एवढे लिहिले की नावाची गरज उरत नाही, पाणवठ्यावरच्या कुणीही नाव सांगावे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि आदिवासी भागात चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांच्या तपासण्या होऊ लागल्या. काम मोलाचे आहे. तपासणीतून दोन प्रकारचे लोक निघतात: एसएस म्हणजे ज्याला आजार आहे तो, आणि एएस म्हणजे नुसता वाहक. वाहक शेतात राबतो, डोंगर चढतो, त्याला औषध लागत नाही. दोन वाहकांनी लग्न केले तर मुलांबाबत विचार करावा लागतो, एवढेच. एका ठिकाणची वाहकांची यादी नावानिशी, पाड्यासकट, व्हॉट्सॲपच्या कामाच्या गटात टाकली गेली आणि तिथून निघून सोयरिकीपर्यंत पोचली. एका मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. तिचे वडील मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर बसले होते. त्यांचा प्रश्न असा होता, "मॅडम, पोरगी आजारी नाय म्हणता, मग तिचं नाव आजाराच्या यादीत कोणी टाकलं?"

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२० मध्ये आरोग्य माहितीच्या व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण आले, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या वडिलांना यातले काय सांगणार होते मी? मी सासरकडच्या वडीलधाऱ्यांना भेटून वाहक म्हणजे काय ते समजावले. त्यांनी ऐकून घेतले, पण लग्न पुन्हा जुळले नाही. त्यानंतर माझ्या हद्दीत एक नियम केला: गटावर फक्त संख्या जाईल, यादीत क्रमांक जाईल, नाव सिस्टरच्या कुलुपातल्या वहीत राहील. काम थोडे मंदावले. मंदावू दे म्हटले.

आभा क्रमांकाच्या वेळी संमतीचे काय झाले तेही पाहिले. ओटीपी सांगितला म्हणजे बाईने संमती दिली असे धरले जाते. ओटीपी येतो नवऱ्याच्या मोबाइलवर, नाहीतर दुकानदाराच्या, नाहीतर आशाताईच्याच, कारण एक क्रमांक अनेक नावांपुढे लावलेला असतो. उद्दिष्ट पूर्ण होते. उद्या त्या क्रमांकावर क्षयरोगाचा किंवा गर्भपाताचा संदेश गेला, तर तो कोण वाचेल? म्हणून नोंदणीच्या शिबिरात आम्ही एक प्रश्न वाढवला होता: तुझ्या आजाराचा निरोप या फोनवर आला तर चालेल का? कितीतरी बायका या प्रश्नावर थांबायच्या, मागे बघायच्या आणि मग नको म्हणायच्या.

आकडे वर पाठवायच्या आधी पाड्यावर वाचून दाखवायचे, ही पद्धत आम्ही आरोग्य व पोषण दिनाला सुरू केली. कुणाचे नाव नाही, फक्त पाड्याचे: इतकी मुले जन्मली, इतक्यांना लस, इतकी कमी वजनाची, इतके मृत्यू. पहिल्याच वाचनात, मृत्यू शून्य म्हटल्यावर, एक म्हातारी उभी राहिली. "आमचेकडची दोन पोरं पावसात गेली, ती कुठं लिवली?" सिस्टरने तिथेच खाली बसून दोन्हींची माहिती घेतली. एक मूल जुलाबाने, एक सर्पदंशाने. सर्पदंशाचे मूल दवाखान्यात पोचण्याआधीच गेले होते, म्हणून कुठल्याच दवाखान्याच्या नोंदीत नव्हते. त्या दोन नोंदींमुळे पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूच्या उपकेंद्रात क्षारसंजीवनी आधीच पोचली आणि केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष किती शिल्लक आहे ते दर आठवड्याला पाहिले जाऊ लागले.

आता जिल्ह्याजिल्ह्यांत नवे डॅशबोर्ड येत आहेत. कुठली माता धोक्यात जाईल, कुठे साथ येईल, याचे भाकीत करणारे. मला त्यांचे स्वागत आहे; अशी सूचना वेळेवर मिळाली असती तर वाचल्या असत्या अशा बायका मी पाहिल्या आहेत. मात्र भाकीत करणारे यंत्र जुन्या नोंदींवरच शिकते, आणि आमच्या जुन्या नोंदींत भट्टीवरची बाळंतपणे नाहीत. म्हणून तालुक्याच्या मासिक प्रपत्रात मी एक रकाना वाढवला होता: 'न भेटलेले', आणि शेजारी कारण. पोर्टलवर त्याला जागा नाही, तो कागदावरच चालतो. दिवाळीच्या सुमारास त्यावरून गरोदर बायकांची आणि लहान मुलांची यादी निघते, कुणाचा मुकादम कोण आणि भट्टी कुठली हे आशाताई विचारून ठेवतात, आणि यादी बंद पाकिटात भिवंडी-कल्याणकडच्या सिस्टरांना जाते. पहिल्या हंगामात काही बायका तिथे सापडल्या, त्यांच्या तपासण्या झाल्या. काहींच्या मुकादमाने अर्ध्यातच भट्टी बदलली होती. त्यांच्यासाठी आता यादीत मुकादमाचा फोनही घ्यावा का, यावर आशाताईंमध्ये दोन मते आहेत. तो फोन लावला की तिचे गरोदरपण मुकादमाला कळते, आणि पुढच्या वर्षी तिला उचल मिळत नाही, असे त्यांच्यातल्या जुन्या ताई सांगतात.